तुडमाच्या चार पायऱ्या

सन २०००, दिवाळीच्या आधीचा रविवार. रक्कम दोनशे रुपये, तोंडी ठरलेली. हजर चार जण: मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष, गावचा पाणकर, माझे वडील आणि मी. जागा आमच्या घरची सपरी, म्हणजे ओसरी. काम असं, की मी गावतलावातलं पाणी मोजायचं आणि तलावात दोन पायऱ्या पाणी राखलं तर मासे कोणत्या महिन्यापर्यंत तगतील ते सांगायचं.

हे काम माझ्याकडे यायचं कारण मी भूगोलात एम.ए. केलेलं. गावात दुसरं कारण कोणाला लागत नसे. कोणाची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, मोजायची, कोणाच्या घराची हद्द, कोणाची विहीर उत्तरेला घ्यावी की पूर्वेला, सगळ्यांना मी. विहिरीचं मला सांगता येत नाही म्हटलं की माणूस हिरमुसून जाई. मी तालुक्याच्या गावी एका विनाअनुदानित शाळेत शिकवत होतो. पगार चार महिन्यांनी एकदा आणि तोही निम्मा. शाळेतून सायकलवर सिंदेवाहीच्या रस्त्याने घरी पोचेपर्यंत अंगात काही उरत नसे, आणि सपरीत कोणीतरी टेप घेऊन बसलेलं असे.

त्या वर्षी हस्त कोरडा गेला. चित्राही कोरडीच. धान निसवून आलं होतं आणि दाण्यात दूध भरायच्या वेळेला बांध्या भेगाळायला लागल्या. तलावात पाणी होतं, पण नेहमीसारखं नव्हतं.

आमच्याकडच्या जुन्या तलावांना पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, पोटातून दगडी तुडूम बांधलेलं असतं. जिना उतरावा तसं ते तलावात उतरत जातं. प्रत्येक पायरीला एक भोक आणि भोकात लाकडी बूच. वरच्या पायरीचं बूच काढलं की तेवढ्या उंचीचं पाणी पाटात पडतं. ते संपलं की खालच्या पायरीचं. आमच्या तुडमाला सहा पायऱ्या. भरल्या वर्षी वरच्या दोन-तीन पायऱ्यांतच धान पिकून जाई, खालच्या पायऱ्यांकडे कोणी बघत नसे. त्या साली दिवाळीलाच पाणी खालून चौथ्या पायरीवर आलेलं. खाली चार पायऱ्या शिल्लक.

मच्छीमार संस्थेने श्रावणात तलावात बोटुकली सोडली होती, बोटाएवढी माशांची पिल्लं. ती माघापर्यंत अर्ध्या किलोची होतात, मग जाळं पडतं. ढिवर मोहल्ल्यातल्या घरांचं वर्ष त्या जाळ्यावर. धानवाल्यांना पाणी पाहिजे, मासेवाल्यांनाही पाहिजे. शुक्रवारी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सभा झाली आणि आश्चर्य म्हणजे भांडण न होता मिटलं. चार पायऱ्या आहेत, दोन धानाला, दोन माशांना. निम्मं निम्मं. सगळे चहा पिऊन घरी गेले.

रविवारी अध्यक्ष आमच्याकडे आले. पन्नाशीचा, रुंद छातीचा, हळू बोलणारा माणूस. त्यांना वाटणीबद्दल तक्रार करायची नव्हती. जाळं कधी टाकायचं, व्यापाऱ्याला कोणता महिना सांगायचा, एवढंच विचारायचं होतं. पण मनात किंतू होताच.

"मास्तर, मले दिसते का खालच्या पायऱ्यात थोडंच पानी राह्यते," ते म्हणाले. "उन्हाळ्यात जाळं ओढतो ना आमी. पर किती थोडं ते मले सांगता येत नाई. अन् सभेत 'मले दिसते' म्हनलं तं कोन आयकते?"

पाणकर तंबाखू मळत होता. पाटाचं पाणी कोणाच्या बांधीत किती वेळ सोडायचं हे तो ठरवी, आणि त्याच्याआधी त्याचा बाप ठरवी. तो म्हणाला, "थोडं काऊन राहीन गा? पायरी म्हंजे पायरी. माह्या बापानं याच पायऱ्यांवर पानी वाटलं, मी बी वाटून राह्यलो. दोन तुमच्या, दोन आमच्या. यात भूगोल कुठी आला?"

"येऊ दे ना भाऊ," बाबा म्हणाले. "दोन साल नागपुरात राहून तेच तं शिकून आला. शाळा पगार देत नाई, पानी तरी दोनशे रुपये देईन."

सगळे हसले. मीही हसलो. आमची बांधी पाटाच्या अगदी शेवटाला होती, दोन एकर, आणि तिच्यात भारी धान, म्हणजे उशिरा पिकणारं. घरचा वर्षाचा तांदूळ त्याच दोन एकरांतून यायचा. दोन पायऱ्या सुटल्या तर पाणी शेवटापर्यंत पोचणार होतं. म्हणून बाबा निवांत होते, आणि मीही.

भूगोल म्हणजे नद्यांची आणि राजधान्यांची नावं, असं आमच्याकडे समजतात. नातेवाईक अजूनही कुठल्या तरी देशाची राजधानी विचारतात आणि मला आली नाही की खूश होतात. विद्यापीठात आम्ही जे केलं त्यातलं निम्मं मला आता आठवत नाही. शहरांच्या वाढीचे सिद्धांत, वाऱ्यांचे पट्टे, परीक्षेपुरते पाठ केले आणि पेपर देऊन बाहेर पडताना टाकून दिले. राहिलं ते प्रात्यक्षिकांचं. विभागाच्या मागच्या खोलीत लांबलचक टेबलं होती. त्यांच्यातल्या एकाला काच बसवलेली, काचेखाली बल्ब. त्यावर मूळ नकाशा ठेवायचा, वर पातळ कागद, आणि समोच्चरेषा गिरवायच्या. सारख्या उंचीच्या जागा जोडणारी एक एक तपकिरी रेष. उन्हाळ्यात त्या बल्बच्या उष्णतेने हातातला कागद सुरकुतायचा. आमचे सर फार बोलत नसत. मागून येऊन उभे राहत आणि बोट ठेवून विचारत, "इथे तुम्ही उभे आहात. पाऊस पडला. पाणी कुठे जाईल?" बरोबर सांगता आलं नाही तर पुन्हा गिरवा.

फलकयंत्र घेऊन शहराबाहेरच्या टेकडीवर जायचो. तीन पायांवर ठेवलेला पाट, त्यावर कागद, नजरेची पट्टी. एका गटात आठ जण, त्यातले दोघं काम करत आणि बाकीचे झाडाखाली. मी काम करणाऱ्यांतला होतो, हुशारी म्हणून नाही; मला आकडे जुळेपर्यंत चैन पडत नाही, तो स्वभावच आहे. घरी किराण्याची चिठ्ठीसुद्धा मी दोनदा बेरीज करतो. बायको म्हणते, दुकानदार तुम्हाला बघून दुकान बंद करत असेल.

एकदा काचेच्या टेबलावर आमच्याच तालुक्याचा नकाशा आला. मी आमचं गाव शोधलं, गावाशेजारी तलाव सापडला, करंगळीच्या नखाएवढा निळा ठिपका. खूप वेळ बघत बसलो. बाहेर जमिनीवर रेषा होत्या, चढ होता, उतार होता. तलावाच्या आत काहीच नव्हतं. नुसता सपाट निळा रंग. किती खोल, कुठे खोल, काही नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, "पाण्याच्या आत जाऊन मोजणारा कोणी मिळाला नसेल." तेवढंच.

सोमवारी शाळेला दिवाळीची सुट्टी लागली. सकाळी मी आणि अध्यक्ष डोंग्यात बसलो. पाळीवरच्या एका मोहाच्या झाडापासून पलीकडच्या काठावरच्या बेशरमाच्या झुडपांपर्यंत त्यांनी दोर ताणला होता. दोराला सारख्या अंतरावर लाल चिंधी. प्रत्येक चिंधीपाशी डोंगा थांबवायचा, मी खुणा केलेला बांबू सरळ बुडवायचा, तळाला लागला की आकडा वहीत लिहायचा. एक ओळ झाली की दोर बाजूला सरकवायचा. सांगायला सोपं आहे. बांबू गाळात रुततो, आणि मग तळ कोणता म्हणायचा, गाळाचा वरचा थर की खालची माती? मी गाळाचा वरचा थर धरला. मासा गाळात पोहत नाही.

"तुमचं हे नागपुरात तलावात शिकवते का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही. कागदावर."

"कागद भिजत नाई, ते बरं हाय," ते म्हणाले आणि वल्हं मारलं.

मध्येच बांबू काढताना माझा तोल गेला आणि मी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलो. काठावर कपडे धुणाऱ्या बायकांमध्ये अध्यक्षांची बायको होती. ती ओरडली, "का गा मास्तर, बुडून खोली मोजून राह्यले का? तं मग मोठ्या डोहात बी जाऊन या!" तिच्याबरोबरच्या सगळ्या हसल्या. "तिच्याकडे ध्यान नका देऊ," अध्यक्ष म्हणाले. "ते मले बी तशीच बोलते." ओल्या पँटने उरलेल्या ओळी मोजल्या. पाठ दुखत होती. मंगळवारी दुपारपर्यंत संपलं.

पाळीजवळ खोली चांगली होती, सहा फूट. पण पलीकडे तलाव ताटासारखा पसरट. वर्षानुवर्षांचा गाळ त्या बाजूला साचलेला, आणि तिथे पाणी गुडघ्याएवढंही नव्हतं, नुसतं लांबच लांब चकाकत होतं.

घरी येऊन आकडे आलेख कागदावर मांडले. जिथे जिथे सारखी खोली, तिथून रेष. दोन आकड्यांच्या मधली जागा हिशोबाने वाटून घ्यायची. तुडमाची एक पायरी दीड फुटाची, म्हणून रेषाही दीड-दीड फुटाच्या. हे काम करताना मला बरं वाटत होतं हे कबूल केलं पाहिजे. शाळेत मी नागरिकशास्त्र आणि शारीरिक शिक्षणही शिकवत होतो, भूगोलाच्या वाट्याला आठवड्यात तीन तास. हातात पेन्सिल घेऊन समोच्चरेषा काढून सहा वर्षं झाली होती. आणि जो निळा ठिपका रिकामा होता त्याच्यात एक एक रेष येत होती.

मग चौकोन मोजून क्षेत्रफळ काढलं. चौथ्या पायरीवर, म्हणजे त्या दिवशी, पाणी चाळीस एकरांत पसरलेलं. एक पायरी खाली गेलं की सव्वीस एकर. आणखी एक खाली गेलं की चौदा. शेवटच्या पायरीवर पाच. म्हणजे तलाव खाली खाली अरुंद होत जातो. उंची प्रत्येक पायरीची सारखी, पण वरच्या पायरीचं पाणी चाळीस एकरांवर पसरलेलं आणि खालच्याचं एका कोपऱ्यात. दुपारी उशिरा आकडा निघाला. शंभर घागरी पाणी धरलं तर वरच्या दोन पायऱ्यांत ब्याऐंशी घागरी आणि खालच्या दोन पायऱ्यांत अठरा.

शुक्रवारी जे निम्मं निम्मं म्हणून चहा पिऊन मिटलं होतं, ते असं होतं.

पुढे बघितलं तर सगळ्यात वरच्या एकाच पायरीत पन्नास घागरी निघत होत्या. खरं निम्मं करायचं तर धानाला एक पायरी आणि माशांना तीन. एका पायरीचं पाणी पाटाने जाताना मुरेल, वरच्या बांध्या पितील, मधल्या पितील, आणि शेवटाला पोचणार नाही. शेवटाला आमचे दोन एकर.

मी सगळे आकडे दुसऱ्यांदा तपासले. या वेळी चुकले असते तर बरं झालं असतं. चुकले नव्हते.

माशांचाही हिशोब केला, कारण काम तेच होतं. उन्हाने आणि झिरपण्याने माघापर्यंत पायरीभर पाणी सहज जातं. दोन पायऱ्या राखल्या तर माघात दीड फूट पाणी, पाच एकरांत. त्यात मासा वाढत नाही, तडफडतो. तीन राखल्या तर तीन फूट, चौदा एकरांत. त्यात जगेल.

बायको चहा घेऊन आली, कागद बघून म्हणाली, "छान दिसते जी. कांदा कापल्यावानी." मग माझं तोंड बघून म्हणाली, "काय झालं?" मी सांगितलं. "बाबांना सांगतलं?" म्हणाली. नाही म्हटलं. "मग आधी त्यांना सांगा. सभेत नका सांगू पहिल्यांदा."

बाबा बैलांना पेंढी टाकत होते. मी कागद घेऊन गेलो आणि तसाच दुमडून खिशात ठेवला, त्यांना कागदाने काही कळणार नव्हतं. तोंडाने सांगितलं. त्यांनी पेंढी सोडली, हात झटकले.

"म्हंजे आपल्या बांधीत पानी येत नाई."

"एक पायरी सुटली तर नाही येत."

"अन् कोनाले माहीत हाय हे?"

"आता तुम्हाला. अध्यक्षांना उद्या सांगावं लागेल, त्यांनीच काम दिलं."

"त्यानं तं महिना विचारला तुले. कोन्या महिन्यात जाळं टाकू म्हून. पायऱ्या कुठी विचारल्या?"

बरोबर होतं. मला प्रश्न महिन्याचा विचारला होता. दोन पायऱ्यांवर मासे मार्गशीर्षापर्यंत, मग लगेच जाळं टाका, तळहाताएवढे मिळतील, एवढं उत्तर देऊन मी दोनशे रुपये घेऊ शकलो असतो आणि उत्तर खोटं ठरलं नसतं. पण ते महिन्याचं उत्तर ज्या हिशोबातून निघत होतं त्याच हिशोबात ब्याऐंशी आणि अठरा होते. अध्यक्ष विचारणारच होते की एवढ्या लवकर का, आणि मग काय सांगायचं.

मी एवढंच म्हणालो, "बाबा, ते विचारतील."

"विचारतीन," बाबा म्हणाले आणि पेंढी उचलली.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना सांगितलं आणि त्यांनी पाडव्याच्या दिवशी ओट्यावर पुन्हा सभा बोलावली. मी आलेख कागद पसरला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, रेषा दाखवल्या, आकडे सांगितले. कोणाला काही समजलं नाही. समजावं तरी कसं, मला ते समजायला दोन वर्षं लागली होती. वरच्या बांध्यांवाला एक काका म्हणाला, "मास्तर, कागदावर त तू चंद्रावरबी पानी दाखवशीन." पाणकर म्हणाला, "पायऱ्या चार हायेत. चारात दोन निम्मे होते का नाई? हे शाळेत शिकवत नाई का तुम्ही?" लोक हसले. अध्यक्षांनाही कागद कळला नव्हता, आणि जे कळलं ते बोलले तर आपल्या फायद्याचं बोलतात असं झालं असतं.

मग मला सुचलं ते सरांच्या पद्धतीने सुचलं, असं आता वाटतं. मी घरी जाऊन कढई आणली, दिवाळीच्या तळणाची, बायकोने नुकतीच घासून ठेवलेली. पाणकराकडे चुन्याची डबी मागितली. कढईच्या आतून बोटाने चार खुणा केल्या, खालून वर, सारख्या उंचीच्या. "या तुडमाच्या पायऱ्या. बरोबर?" पाणकराने वाकून पाहिलं, स्वतःच्या बोटांनी उंची तपासली. "बराबर."

"आता तुम्हीच पाणी ओता. पेल्याने."

पहिल्या खुणेपर्यंत एक पेला लागला. दुसरीपर्यंत आणखी तीन. तिसरीला चार. चौथीला पाच. पाणकराने शेवटचा पेला ओतला आणि पेला हातात धरूनच बसला.

"खाली चार, वर नऊ," अध्यक्षांची बायको मागून म्हणाली. "अन् आमाले निम्मं सांगतलं!"

"तुले कोन फसवलं वो?" पाणकर तिच्यावर खेकसला. "मले बी माहीत नव्हतं. आजपर्यंत कोन उतरलं होतं खालच्या पायरीले?"

ते खरं होतं. फसवणूक कोणीच केली नव्हती. पायऱ्या मोजत आलेल्या गावाने पायऱ्या मोजल्या होत्या. मी सांगितलं की आपला तलाव कढईपेक्षाही पसरट आहे, म्हणून फरक याहून मोठा. या वेळी आकडे ऐकून घेतले गेले. बराच वेळ आरडाओरडा झाला. एकाने दीड पायरी म्हणून पाहिलं, पण तुडमाला अर्ध्या पायरीचं भोक नव्हतं, आणि बूच काढल्यावर मध्येच पाणी थांबवायला रात्रंदिवस पहाऱ्याला कोण बसणार. शेवटी धानाला एक पायरी, माशांना तीन, असं ठरलं. वरच्या आणि मधल्या बांध्यांवाल्यांनी फार ताणलं नाही, त्यांचं एका पायरीत भागत होतं. शेवटाची सात घरं होती. त्यांच्यातला एक जण माझ्याकडे बघून म्हणाला, "तुह्या बापाची बी बांधी हाय ना तिथी?" मी हो म्हटलं. तो चपला घालून निघून गेला. मला वाटतं त्याने काहीतरी बोलावं अशी माझी इच्छा होती.

वरच्यांनी आपल्या वाट्यातलं थोडं पाणी शेवटाला द्यावं असं मी सुचवलं. कोणी नाही म्हटलं नाही, आणि कोणी दिलंही नाही. बाबा सभेला आले होते. कडेला उभे होते. घरी येताना कढई मी उचलली होती, तेव्हा एवढंच म्हणाले, "चुना नीट धू. तेलात उतरते तो."

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी दोनशे रुपये आणून दिले. मी घ्यायला कचरलो, तर बाबांनीच हात पुढे करून घेतले आणि बायकोकडे दिले. त्यात मुलीचं स्वेटर आलं आणि तेल.

पायरीचं बूच काढलं, पाणी सुटलं. मी रोज संध्याकाळी पाटाच्या कडेने चक्कर मारायचो. पाणी मधल्या बांध्यांच्या पुढे थोडं आलं, आमच्यापासून दोन बांध्या अलीकडे ओल दिसली, आणि तिथेच थांबलं. मातीने पिऊन टाकलं. त्या जागेचा उतार मला माहीत होता. कुठे थांबेल हे मी आधीच सांगू शकलो असतो, आणि सांगितलंच होतं.

संस्थेच्या बाजूने सांगायचं तर माघात जाळं पडलं तेव्हा मासे चांगले निघाले. अध्यक्षांनी एक रोहू पाठवला, बायकोने रस्सा केला, बाबाही जेवले. त्यानंतरची कित्येक वर्षं तुडमाच्या पायऱ्या गावात वेगळ्या भावाने धरल्या गेल्या. वरची पायरी महाग, खालची स्वस्त. माझं नाव त्यात कुठे नाही, आणि असायचं कारणही नाही. मोजणीची कामं मात्र वाढली. शेजारच्या गावचेही तलाव मोजायला बोलावू लागले, कोणी चहा देई, कोणी सायकलच्या पंक्चरचा खर्च देई. विद्यापीठात शिकलेलं कोणाच्या तरी कामाला येतं, ही गोष्ट बोलायला चांगली आहे. रविवारी दुपारी गुडघाभर गाळात उभं राहिलं की तेवढी चांगली वाटत नाही. आता गुडघे बोलतात, त्यामुळे मी नाही म्हणायला शिकलो आहे. पण कोणी नकाशा घेऊन आला की मी अजूनही चष्मा शोधतो.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी कापणी आली. आमच्या दोन एकरांतलं धान लांबून पिवळं आणि उभं दिसत होतं, अगदी ताठ, कारण लोंबीला वजनच नव्हतं. मी एक लोंबी तोडून चोळली. दहातले दोन दाणे भरलेले, बाकी पोचट. बाबांनी तळहातावर फुंकर मारली, तूस उडून गेलं. ते म्हणाले, "कापून घेऊ. बैलाले तणीस होईन."

"मजुरी परवडत नाही, आपणच कापू," मी म्हटलं.

"तुले शाळा, मले कंबर. बायका लावतो."

चार बायका आल्या, त्यांत अध्यक्षांची बायकोही होती. ढिवर मोहल्ल्यातल्या बायका दरवर्षी आमच्या कापणीला येत. एरवी मोठ्याने बोलणारी ती त्या दिवशी विळा चालवत राहिली, मान वर केली नाही. कापणीची मजुरी आमच्याकडे धानातच द्यायची पद्धत. दिवसाच्या शेवटी खळ्यावर मापायचं आणि ज्याच्या त्याच्या पदरात ओतायचं. त्या दिवशी मापायला काही नव्हतं. संध्याकाळी भारे रचून झाल्यावर चौघी बांधावर बसल्या, विळे पुसत.

तीच आधी बोलली. "बाबूजी, यंदा राहू द्या. आमची मासोळी निंगाली का मंग बघू."

"मासोळीचं मासोळीले," बाबा म्हणाले. "कापलं ना तुमी? मंग?"

"पर धान तं नाई झालं."

"धान नाई झालं ते तुमच्यापायी का? हात पुढं कर."

ती माझ्याकडे बघत होती. मी भाऱ्यांची दोरी आवळत होतो. बाबांनी बंडीच्या आतल्या खिशात गुंडाळून ठेवलेले पैसे काढले. धानाच्या मजुरीचा त्या वर्षीचा भाव काढून त्यांनी आकडा मनाशी आधीच बांधलेला असावा, कारण मोजायला ते थांबले नाहीत. चौघींना तीस-तीस रुपये, एकूण एकशे वीस, बाबांनी स्वतःच्या हाताने दिले.